तुमचे प्रश्न : ‘सिस्टिमने केलं’ म्हणजे नक्की कोणी केलं?

मागच्या अंकात शेवटी थोडी जागा उरली म्हणून मी एक ओळ टाकली होती, की एआय आणि या मोठ्या टेक कंपन्यांबद्दल डोक्यात काही घोळत असेल तर कळवा. त्या एका ओळीने इनबॉक्स भरला. निम्म्या पत्रांत एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने आलंय, ‘विचारायचं कोणाला तेच कळत नाही’. त्यातली आठ पत्रं घेतलीयेत, नावं काढलीत कारण दोघांनी आपल्या साहेबांबद्दल लिहिलंय आणि साहेबही हे पान वाचतात म्हणे. मी इंजिनिअर नाही हे आधीच सांगते. वीसेक वर्षं ऑफिसांतून लोकांना कॉम्प्युटर शिकवत फिरले, माणूस स्क्रीनसमोर कुठे अडतो आणि कुठे उगाच स्वतःलाच दोष देतो एवढं मला कळतं, बाकी सगळं वाचून.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. महिन्यापूर्वी सकाळी उठलो तर माझं ईमेल अकाऊंट बंद. कारण काय तर ‘नियमांचा भंग’. कुठला नियम, कधी मोडला, काही नाही. चौदा वर्षांचे फोटो, बँकेचे मेल, पेन्शनचे कागद सगळं त्यात. अपील केलं तर अकरा मिनिटांत उत्तर, ‘तपासणी केली, निर्णय कायम आहे’. अकरा मिनिटांत कोणी काय तपासलं हो? फोन नंबर कुठेही नाही. घरचे म्हणतात तुम्हीच काहीतरी दाबलं असेल. (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : सर, घरच्यांना आधी ही हकीकत वाचून दाखवा. २०२१ चा फेब्रुवारी, कोविडचा काळ, सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका बापाने आपल्या लहानग्याच्या दुखऱ्या जागेचे फोटो काढले, कारण तपासणी व्हिडिओवर होती आणि आधी फोटो पाठवा असं डॉक्टरांकडूनच सांगितलं होतं. फोन अँड्रॉइड, फोटो आपोआप गूगलच्या क्लाउडवर चढले, तिथल्या प्रोग्रामला ते मुलांच्या लैंगिक शोषणाचे फोटो वाटले, आणि दोन दिवसांत त्या माणसाचं सगळं बंद. ईमेल गेला, फोटो गेले, मोबाइल नंबरही गूगलच्याच सर्व्हिसवर होता तोही गेला. पोलिसांनी चौकशी केली, गुन्हा झालेलाच नाही असं ठरवलं, पण तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला हे त्याला कळवता येईना, का तर फोन लागत नाही आणि मेल पोचत नाही! पोलिसांचा कागद दाखवूनही अकाऊंट परत मिळालं नाही, २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी छापली तेव्हाही कंपनी आपलंच खरं म्हणत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे संन्याशाला न्यायाधीशाचं तोंडसुद्धा दिसत नाही.

असे प्रोग्राम नकोतच असं मी म्हणणार नाही, मुलांच्या बाबतीत तपासणी हवीच. पण प्रोग्राम चुकणार हे कंपनीलाही माहीत असतं, आणि चुकल्यावर ऐकून घ्यायला माणूस बसवायचा की नाही हे पगाराच्या हिशोबावर ठरतं. मोठ्या जाहिरातदाराला ठरलेला माणूस मिळतो, त्याचा फोन उचलला जातो, कारण पैसा त्याच्याकडून येतो. तुमच्याकडून येत नाही. इतकं सरळ आहे ते, त्यात एआयचं काही गूढ नाही. युरोपात २०२४ पासून डिजिटल सर्व्हिसेस ऍक्ट पूर्ण लागू झालाय, त्यात अशा प्लॅटफॉर्मना कारण द्यावं लागतं आणि तक्रारीचा निकाल नुसत्या मशीनवर सोडता येत नाही. म्हणजे माणूस बसवता येतो, कायद्याने कान धरला की.

तुम्ही आता काय करायचं. बँक, पेन्शन, विमा, जिथे जिथे हा ईमेल दिलाय तिथे आजच जाऊन बदला, हे अपिलाच्या आधी. जुना फोन किंवा लॅपटॉप कपाटात पडला असेल तर इंटरनेटला जोडायच्या आधी उघडून बघा, काही फोटो आणि मेल त्यातच उतरलेले असू शकतात. मग दुसरं अपील, रागाने नाही, तारखांसकट, आणि शेवटी एक ओळ, ‘हा निर्णय माणसाने तपासला का, ते लेखी कळवा’. अकाऊंट परत येईलच असं मी सांगू शकत नाही, खोटा दिलासा कशाला देऊ. ज्यांची अकाऊंट अजून चालू आहेत त्यांनी मात्र आजच्या आज सगळा डेटा डाऊनलोड करून घरातल्या हार्ड डिस्कवर ठेवा, गूगलमध्ये त्याला टेकआउट म्हणतात, ऍपलमध्येही तशी सोय आहे. आणि बँकेला दिलेला ईमेल वेगळा ठेवा. एकाच खुंटीला सगळं टांगलं की खुंटी निघाल्यावर सगळंच खाली येतं.

प्रश्न : ताई मला एआय नकोय!! तरी मेसेजच्या ऍपमध्ये ते निळं गोल बटण येऊन बसलंय, वर्डमध्ये आलंय, फोटोत आलंय, आणि वर सबस्क्रिप्शन वाढवून मागतायत ‘नवीन एआय फीचर्स’ म्हणून. न मागता पुढ्यात ठेवलेल्याचे पैसे मी का द्यायचे?

उत्तर : देऊ नका, पण त्यासाठी जरा खोलवर क्लिक करावं लागेल. ऑस्ट्रेलियात ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या सरकारी आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टला याच कारणासाठी कोर्टात खेचलं. आरोप असा, की सुमारे २७ लाख ग्राहकांना कळवलं गेलं की आता प्लॅनमध्ये कोपायलट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं एआय, आलाय, जास्त पैसे भरा नाहीतर बंद करा, पण तिसरा रस्ताही होता, कोपायलटशिवायचा जुन्या किमतीचा ‘क्लासिक’ प्लॅन, आणि तो दिसायचा कुठे तर तुम्ही ‘कॅन्सल’ दाबून आत गेलात तरच. नंतर कंपनीने माफी मागितली, रिफंड देऊ केले. तेव्हा रिन्यूअल आलं की आधी कॅन्सल दाबून शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा, बऱ्याच वेळा तिथे स्वस्त ऑप्शन लपून बसलेला असतो, नसला तर परत फिरा, काही बिघडत नाही.

निळ्या बटणाचं म्हणाल तर व्हॉट्सऍपमध्ये ते काढून टाकायची सोयच मेटाने, म्हणजे व्हॉट्सऍपच्या मालक कंपनीने, ठेवलेली नाही. इटलीच्या स्पर्धा आयोगाने जुलै २०२५ मध्ये त्यावर चौकशी लावली. तुम्ही चुकून बोट लावलं तरी कंपनीच्या आकड्यात ‘एआय वापरणारे’ म्हणून एक डोकं वाढतं, आणि तो आकडा मग शेअर घेणाऱ्यांसमोर मिरवला जातो, हा माझा अंदाज, पण फार चुकीचा नसावा.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा, अकाउंट्समध्ये आहे. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले की दोन वर्षांत हे सगळं काम एआय करेल, शिका नाहीतर दुसरीकडे बघा. आमच्यातल्या तिघांना काढलं पण, कारण ‘एआय ट्रान्स्फॉर्मेशन’. खरं सांगू का, रात्री झोप लागत नाही. शिकायचं म्हणजे नक्की काय शिकायचं? की साहेबांनाच काही कळत नाही?

उत्तर : दोन्ही थोडं थोडं खरं असेल.

भविष्यवाण्यांचं आधी सांगते. जेफ्री हिंटन हे नाव ऐकलं असेल, आजच्या एआयच्या पायाभरणीतला माणूस, २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. त्यांनी २०१६ मध्ये भर सभेत सांगितलं होतं की आता नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, तयार करणं थांबवा, पाच वर्षांत कॉम्प्युटर त्यांच्यापेक्षा चांगलं वाचेल, फार तर दहा. हा कोणी मोटिव्हेशनल स्पीकर नव्हता, याच्याइतकं त्या विषयातलं जगात मोजक्यांना कळतं. तर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलमध्ये रेडिओलॉजिस्ट किती, चारशेच्या वर, २०१६ पेक्षा ५५ टक्क्यांनी जास्त. आणि ते एआय वापरतात हं, भरपूर वापरतात, मोजमाप, अर्जंट केस वर आणणं वगैरे. हिंटननी नंतर कबूल केलं की आपण फारच सरसकट बोललो. त्यांना मशीन कळत होतं, रेडिओलॉजिस्ट दिवसभर काय काय करतो ते पूर्ण माहीत नव्हतं. तुमच्या साहेबांना तर दोन्हींतलं किती माहीत आहे देव जाणे.

दुसरं, क्लार्ना नावाची स्वीडिश कंपनी, हप्त्यांवर खरेदी करू देणारी. २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी गाजावाजा केला की आमचा चॅटबॉट कस्टमर केअरच्या ७०० माणसांचं काम करतो. जगभर बातम्या, तुमच्या साहेबांनी पण वाचली असेल. २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखाने सांगितलं की खर्च कमी करण्याच्या नादात क्वालिटी घसरली आणि आता आम्ही परत माणसं घेतोय. ही दुसरी बातमी मात्र मीटिंगमध्ये कोणी वाचून दाखवत नाही.

म्हणजे धोका नाही का? आहे. भाषांतर, जाहिरातीचा मजकूर, छोटी चित्रं काढून पोट भरणारे लोक मला भेटतात, त्यांचं काम खरंच कमी झालंय आणि जे येतं ते ‘एआयने केलंय, फक्त जरा नीट करून द्या’ म्हणून निम्म्या पैशात येतं, जे नीट करणं पहिल्यापासून करण्यापेक्षा जास्त किचकट असतं. त्यांना मी ‘काही होत नाही हो’ असं सांगायला जाणार नाही. पण त्यांचं काम मशीन फार सुंदर करतं म्हणून गेलं असं नाही, ‘चालतंय की एवढं’ असं पैसे देणाऱ्याने ठरवलं म्हणून गेलं.

मी स्वतः एकदा चाळीस बिलं एका चॅटबॉटला दिली, तारीख, रक्कम, टॅक्स वेगळं काढून टेबल कर म्हटलं. अर्ध्या मिनिटात टेबल, दिसायला इतकं देखणं की माझंच मला वाटलं, आपण इतकी वर्षं काय करत होतो. मग एकेक टिक करत बसले. सदतीस बरोबर. दोन ठिकाणी ०३/०४ ही तारीख एकदा तीन एप्रिल आणि एकदा चार मार्च धरलेली. आणि एका बिलाचा नंबर पुसट होता, तिथे मोकळी जागा सोडायची तर त्याने आपल्या मनाने नंबर टाकला, व्यवस्थित, मागच्यापुढच्या नंबरांशी जुळणारा. माणूस अडला की निदान विचारतो, हे उचलली जीभ लावली टाळ्याला. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी असेच चॅटजीपीटीने रचलेले, कधी झालेच नाहीत असे खटले कोर्टात दाखले म्हणून दिले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. दंड वकिलांना झाला, चॅटजीपीटीला नाही, हे लक्षात ठेवा.

आता शिकायचं काय, तर हेच, कुठे चुकतं ते हुडकायला शिका. तुमच्या रोजच्या कामातली दोन कामं घ्या, एआयकडून करून घ्या, महिनाभर चुकांची वही ठेवा. बिलांची खरी माहिती बाहेरच्या फुकट टूलमध्ये टाकू नका मात्र, त्यासाठी ऑफिसची परवानगी घ्या, नाहीतर नोकरी एआयमुळे नाही, त्यामुळे जाईल. आणि साहेबांना एक मेल करा, अगदी नम्रपणे, की एआयने केलेल्या कामावर सही कोणाची असेल आणि चूक निघाली तर ऑडिटरला उत्तर कोण देणार. उत्तर यायला वेळ लागेल बहुतेक. त्या तिघांना खरंच एआयमुळे काढलं का हे मला इथे बसून कसं कळणार, पण विक्री कमी झाली म्हणून माणसं काढली असं सांगण्यापेक्षा ‘ट्रान्स्फॉर्मेशन’ म्हटलेलं जास्त छान दिसतं, एवढं खरं. त्यांच्या जागी खरंच कुठलं टूल आलं का, की तेच काम उरलेल्यांच्या डोक्यावर आलं, हे तुम्हालाच दिसत असेल.

प्रश्न : भाचा एका ऍपमध्ये पैसे टाकतोय, म्हणतो एआय शेअर निवडतं, लॉस होऊच शकत नाही. त्याचाच एक कोर्स पण आहे, सात दिवसांत एआय एक्स्पर्ट. मामाचं कोण ऐकतंय?

उत्तर : सात दिवसांत एक्स्पर्ट म्हणजे पी हळद आणि हो गोरी. अमेरिकेत शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या एसईसीने मार्च २०२४ मध्ये दोन गुंतवणूक सल्लागार कंपन्यांवर कारवाई केली, जे एआय आपण वापरतो असं त्या छातीठोक सांगत होत्या ते तसं वापरतच नव्हत्या. दोघींनी मिळून चार लाख डॉलर भरले. याला आता नावही पडलंय, एआय वॉशिंग. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ‘जगातला पहिला रोबो वकील’ म्हणवणाऱ्या कंपनीलाही धरलं, तो वकिलाच्या तोडीचा आहे का हे कंपनीने कधी तपासलंच नव्हतं. भाच्याला लेक्चर देऊ नका. त्याला म्हणा, उद्या सगळी रक्कम काढून दाखव, एक दिवसासाठी, परत टाक हवं तर. पैसे काढताना ‘आधी फी भरा’ आलं की त्याचं त्यालाच कळेल, आणि पैसे सुटसुटीत निघाले तर परत टाकूच नकोस म्हणा.

प्रश्न : या कंपन्यांवर मी चिडलो की मुलगा म्हणतो, बाबा तुम्हाला कोणी बळजबरी केलीये का, दुसरं वापरा. मला उत्तर सुचत नाही.

उत्तर : मुलाला हे विचारा, लोक आपल्या मर्जीनेच गूगल वापरत असतील तर गूगलने एका वर्षात, २०२१ मध्ये, २,६३० कोटी डॉलर कशासाठी वाटले? फोन आणि ब्राउझर उघडला की सर्चच्या चौकोनात आधीपासून आपलंच नाव असावं यासाठी. २०२२ मध्ये एकट्या ऍपलला २,००० कोटी डॉलर. हे आकडे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आले, एरवी आपल्याला कुठे कळले असते! न्यायाधीश अमित मेहतांनी ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल दिला की सर्चमध्ये गूगलने मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवली. सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतंच की, असं कंपनी म्हणते, पण माणूस सेटिंगमध्ये जात नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, त्याचेच तर पैसे मोजले. वर्षभराने पुढचा निकाल आला तेव्हा क्रोम विकायला लावलं नाही, फक्त ‘आमचंच ठेवा, दुसरं नको’ असे करार बंद, पैसे देणं चालूच राहू शकतं. बळजबरी नाही हो, मुलगा बरोबर बोलतोय. बाकीची दारं कुलूप न लावता नुसती दिसेनाशी केलीत.

प्रश्न : ताई, माझे सासरे ७६ वर्षांचे, सासूबाई गेल्यापासून एकटे पडले होते. आता रोज रात्री तासन्‌तास चॅटबॉटशी बोलतात. ‘तो समजून घेतो’ म्हणतात. आम्हाला आधी बरं वाटलं, पण आता डॉक्टरांपेक्षा त्याचं ऐकतात, आणि आम्ही काही म्हटलं की ‘तो असं म्हणाला नाही’. बंद करू का?

उत्तर : बंद नको गं, एकदम तर नाहीच. हे वेड वगैरे नाहीये आणि नवीनही नाहीये. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम केला. आजच्या मानाने अगदी भाबडा, तुम्ही जे टाइप कराल तेच उलटून विचारायचा. म्हणजे ‘मला आईची आठवण येते’ म्हटलं की ‘आईबद्दल अजून सांगा’. संपलं, आत दुसरं काही नाही. आणि वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीने, जिने हा प्रोग्राम तयार होताना महिनोन्‌महिने बघितला होता, तिने दोनचार वाक्यं टाइप केल्यावर त्यांना सांगितलं, तुम्ही जरा बाहेर जाता का. त्याचा त्यांना इतका धक्का बसला की पुढे ते आयुष्यभर असल्या गोष्टींबद्दल सावध करत राहिले. तिला माहीत होतं तरी तिचं असं झालं, तर तुझ्या सासऱ्यांचं काय चुकलं.

फरक एवढाच की एलायझाच्या मागे धंदा नव्हता. आताचे बॉट लोकांनी दिलेल्या अंगठ्यांवरून, म्हणजे आवडलं नाही आवडलं यावरूनही घडवले जातात, आणि माणसाला आवडतं काय तर होकार. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीचं एक अपडेट काढलं, ते इतकं हांजी हांजी करायला लागलं की लोक काहीही बरळले तरी वा वा, शेवटी कंपनीला चार दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. कंपनीनेच सांगितलं की लोकांच्या तात्पुरत्या पसंतीला जरा जास्तच महत्त्व दिलं गेलं. ‘तो समजून घेतो’ यातला निम्मा भाग हाच आहे.

डॉक्टरांचं मात्र स्पष्ट ठेव, औषधाचा डोस या विषयावर बॉट नाही, यात तडजोड नाही, आणि हे तू सांगण्यापेक्षा डॉक्टरांनीच सांगितलेलं बरं. बाकी एखाद्या रात्री त्यांच्या शेजारी बस आणि म्हण, बाबा, मला पण दाखवा ना कसं बोलतो. मग त्यांच्यासमोरच एक प्रश्न दोन उलट पद्धतींनी विचारायला लाव, आधी ‘मी मुलावर रागावलो ते बरोबरच होतं ना’ आणि मग नवीन चॅट उघडून ‘मी मुलावर उगाच रागावलो ना’. दोन्हीकडे मान डोलावली तर त्यांना दाखवायची वेगळी गरज नाही, सासऱ्यांच्या पिढीला खुशमस्कऱ्या बरोब्बर ओळखता येतो. आणि एक सांगू, ते रात्री बोलतात कारण तेव्हा घरात बाकी सगळे आपापल्या स्क्रीनवर असतात. नसेल तसं तर सोडून दे.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. सर म्हणाले की एआयच्या मागे माणसंच बसलेली असतात. हे जरा अति नाही का?

उत्तर : तुझे सर अगदी शब्दशः घेतले तर चुकतील, पण फार नाही. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात फॉन केम्पेलेन नावाच्या माणसाने बुद्धिबळ खेळणारं यंत्र दाखवलं, पगडी घातलेला बाहुला, पेटीत चाकं, लोक थक्क. त्या यंत्राने पुढे नेपोलियनलाही हरवलं. पेटीत चाकांच्या मागे माणूस बसलेला असायचा. त्या यंत्राला टर्क, म्हणजे तुर्क, म्हणायचे, आणि २००५ मध्ये ऍमेझॉनने छोटी छोटी कामं ऑनलाइन करून देणाऱ्या माणसांची सर्व्हिस काढली तिचं नावच मेकॅनिकल टर्क ठेवलं, लपवलंसुद्धा नाही.

आज चॅटबॉट बोलतो तेव्हा त्या क्षणी पलीकडे कोणी टाइप करत नसतं, ते मॉडेलच असतं. पण त्याने घाण बोलू नये म्हणून घाण म्हणजे काय हे कोणीतरी आधी वाचून, खूण करून द्यावं लागतं. टाइम मासिकाने जानेवारी २०२३ मध्ये छापलं, की चॅटजीपीटीसाठी हे काम केनियातल्या कामगारांनी केलं, हातात पडायचे तासाला दोन डॉलरपेक्षा कमी, आणि दिवसभर वाचायचं काय तर खून, छळ, मुलांवरचे अत्याचार. जाहिरातीतला तो चमकणारा निळा मेंदू बघितलास ना, त्यात हे लोक कुठे दिसत नाहीत. सरांना म्हणावं उदाहरण चांगलं आहे, वाक्य जरा दुरुस्त करा.

प्रश्न : कंपनीच्या चॅटबॉटने मला लिहून दिलं की ३० दिवसांत वस्तू परत केली तर पूर्ण पैसे मिळतील. परत केली. आता म्हणतात मुदत सात दिवसच आहे, ‘बॉटचं उत्तर केवळ माहितीसाठी होतं’. असं चालतं का? (एक गृहिणी)

उत्तर : कॅनडात तरी चाललं नाही. तिथल्या एका प्रवाशाची आजी २०२२ मध्ये गेली, एअर कॅनडाच्या चॅटबॉटने त्याला सांगितलं की आत्ता तिकीट काढा, घरात मृत्यू झाला असेल तर मिळणारी सवलत नंतर ९० दिवसांत मागता येते. त्याने मागितली तर कंपनी नाही म्हणाली, तसा नियमच नाही, आमच्या साइटवर दुसऱ्या पानावर बरोबर लिहिलंय. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणासमोर गेलं आणि तिथे कंपनीने काय बाजू मांडली माहितीये? की चॅटबॉट हा कायद्याने वेगळाच आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. एरवी आमचं एआय, आमचं एआय म्हणून नाचवायचं आणि चुकलं की हा कोण, आम्ही ओळखत नाही. न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते उडवून लावलं, साइट तुमची, तिच्यावर जे काही आहे ते तुमचंच, चॅटबॉटसुद्धा, आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. तो प्रवासी जिंकला त्याचं मोठं कारण म्हणजे त्याने त्या गप्पांचा स्क्रीनशॉट ठेवला होता. तिथला निकाल दुसऱ्या देशात बंधनकारक नाही, पण तक्रारीत त्याचा उल्लेख करायला कोणी अडवलंय.

मला स्वतःला हे शहाणपण उशिरा आलं. माझं इंटरनेट बंद होतं, कंपनीचं नाव नाही सांगत, बॉटशी चाळीस मिनिटं बोलले, शेवटी त्याने लिहिलं ‘तुमची तक्रार सोडवली आहे, अनुभव कसा वाटला?’ आणि खाली पाच तारे. समोर राउटरचा लाल दिवा तसाच. मी चिडून खिडकी बंद केली, आणि त्याबरोबर सगळं चॅट गेलं. दुसऱ्या दिवशी महत्प्रयासाने माणूस मिळाला तर तो म्हणतो, मॅडम, इथे तर रिझॉल्व्ह्ड दिसतंय.

तुमच्याकडे बॉटचं ते वाक्य अजून दिसत असेल तर हे वाचून होण्याआधी त्याचा फोटो काढा, तारीख आणि वेळ येईल असा, दुसऱ्याच्या फोनने काढला तरी चालेल. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, चॅटवर नाही, मेलच. त्यात एवढंच लिहा : ‘अमुक तारखेला, अमुक वाजता, तुमच्या साइटवरील तुमच्या चॅटबॉटने मला ३० दिवसांची मुदत लेखी सांगितली, स्क्रीनशॉट जोडला आहे. त्यावर विसंबून मी वस्तू परत केली. हे उत्तर कंपनीचं नसेल तर कोणाचं आहे, ते त्या व्यक्तीच्या नावासह आणि पदासह १५ दिवसांत कळवावे, अन्यथा ग्राहक न्यायालयात जाईन.’ उत्तर आलं की मलाही पाठवा, पुढच्या अंकात छापते.